बटणांच्या डब्यातला पेनड्राइव्ह

मित्रांनो, आधी एक गैरसमज दूर करतो. मी दोऱ्याचे रीळ नाही. दिसतो तसा, हे मान्य. निळा, गुटगुटीत, वरखाली चकत्या आणि मधे प्लॅस्टिकचाच गुंडाळलेला खोटा दोरा. पण माझी खालची चकती ओढून पाहा, आत चपटे चकचकीत तोंड दिसेल. मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. वय तेरा वर्षे, पोटात जागा चार जीबी. आजकालच्या पेनड्राइव्हांपुढे मी म्हणजे बंगल्यापुढची टपरी, पण मला त्याचे वाईट वाटत नाही. टपरीवरही माणसे येतातच.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात नखाएवढी काळी चिप बसवली, दुसरीने चकत्या लावल्या, तिसरीने मला संगणकाला जोडून जणू विचारले, "आहेस का?" मी दिवा लावून "आहे" म्हटले. माझे शिक्षण तेवढेच. पुढे शिवणयंत्राच्या सुया बनवणाऱ्या एका कंपनीने आम्हा पाचशे भावंडांना एका प्रदर्शनात भेट म्हणून वाटले आणि मी मास्तरबाईंच्या पर्समध्ये जाऊन पडलो.

कपडे बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि ह्या बाई होत्या म्हणून मास्तरबाई. त्यांचे दुकान दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत कमरेइतके उंच कापायचे टेबल, तीन यंत्रे आणि एक वजनदार इस्त्री. खिडकीपाशी स्टुलावर काजेवाले काका बसत. त्यांचे काम काजे करणे, बटणे लावणे, तुरपाई करणे आणि प्रत्येक नव्या गोष्टीला नावे ठेवणे. मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांनी चष्मा लावून चांगली पंधरा मिनिटे माझ्या अंगावर दोऱ्याचे टोक शोधले आणि शेवटी "माल भिकार आहे" असा शेरा मारून मला बाजूला सारले.

तरी माझे दिवस बरे गेले. शिवून झालेल्या कपड्यांचे फोटो घेऊन मी छपाईच्या दुकानात जात असे. मास्तरबाईंची भाची कॉलेजात होती, तिने माझ्यात एक्केचाळीस जुनी गाणी भरली. दुपारी मला संगणकाला जोडले की गाणी सुरू होत आणि काकांचा हात सुईसकट तालात चाले. "एवढासा आहे, पण कामाचा आहे," असे मास्तरबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी फुशारून जाई. मग सगळ्यांच्या हातात फोन आले. फोटो फोनवरून जाऊ लागले, गाणी फोनवर वाजू लागली, आणि एके दिवशी टेबल आवरताना कुणीतरी मला बटणांच्या डब्यात टाकले.

त्या डब्यात मी सहा वर्षे काढली. बटणांची संगत वाईट नसते, फक्त त्यांना एकच विषय माहीत असतो. चार भोकांची बटणे स्वतःला खानदानी समजत, दोन भोकांच्यांशी धड बोलत नसत, आणि मला तर एकही भोक नाही म्हणून सगळ्यांनी मिळून वाळीत टाकले होते. दिवसातून आठ-दहा वेळा झाकण उघडे, काकांची बोटे आत येत, मला ढकलून खालचे बटण उचलत आणि जात. प्रत्येक वेळी मला वाटे, आज आपली पाळी. तशी आशा धरणे वेडेपणाचे होते, पण डब्यात दुसरे करायचे तरी काय?

आता मास्तरबाईंच्या नमुन्यांबद्दल सांगायला हवे, नाहीतर पुढची धावपळ कशासाठी होती ते तुम्हाला कळणार नाही. त्यांच्याकडे येणारी माणसे अशी, की ज्यांना बाजारातला तयार कपडा बसत नाही. कुणाचा एक खांदा खाली, कुणाची पाठ वाकलेली, कुणाचा एक हात आखूड. अशा प्रत्येकासाठी त्या खाकी कागदावर वेगळा नमुना कापत आणि कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात टीप लिहीत. "उजवा खांदा पाऊण इंच खाली. आत गादी घालणे. त्यांना सांगू नये." किंवा, "पोट वाढले आहे. टेप धरताना आकडा मोठ्याने म्हणू नये." किंवा, "ह्या दिवसभर बसून काम करतात. मागची बाजू दोन इंच लांब." बावीस वर्षांत असे एकशे अठरा नमुने झाले होते. गिऱ्हाईक आरशात पाही, खूश होई, आणि आपला खांदा सरळ कसा दिसतो हे त्याला कधीच कळत नसे.

गेल्या वर्षी उंदरांनी दोन नमुन्यांचे गळे खाल्ले. भाची आता रुग्णालयात एक्स-रे काढायचे काम करते. ती सुट्टीत आली, प्रत्येक नमुना टेबलावर पसरून, शेजारी पट्टी ठेवून, स्टुलावर उभी राहून तिने वरून फोटो काढले आणि सगळे संगणकात नीट नाव घालून ठेवले. मास्तरबाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी कागद रद्दीत देऊन टाकले आणि मोकळ्या भिंतीवर आरसा लावला. "अजून एक प्रत काढून ठेवू, मावशी. पुढच्या रविवारी," असे भाची म्हणाली होती. तो रविवार काही उजाडला नाही.

आणि एका गुरुवारी सकाळी संगणक उठेना. पडदा काळा, त्यावर दोन ओळी पांढरी अक्षरे आणि पुढे काही नाही. मास्तरबाईंनी तो तीनदा बंद करून चालू केला. तीनदा त्याच दोन ओळी.

"मी आधीपासून म्हणत होतो," काका खिडकीतून म्हणाले. काय म्हणत होते ते मात्र त्यांनी सांगितले नाही.

मास्तरबाईंनी संगणक दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. त्या दिवशी अग्निशमन दलाच्या बँडचे बावीस कोट कापायचे होते, संध्याकाळपर्यंत कापड कापून शिवायला द्यायचे होते, त्यामुळे त्या घाईत होत्या. तो म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे, आतली प्रणाली बिघडलीय. चारला येतो, सगळं पुसून नवीन टाकतो." मास्तरबाई म्हणाल्या, "या, या." फोन ठेवला, कात्री हातात घेतली आणि मग त्यांच्या लक्षात आले की 'सगळं पुसून' म्हणजे काय.

त्यांनी खाकी कागद पसरला आणि आठवणीतून नमुना काढायला घेतला. बँडमध्ये मोठा ड्रम वाजवणारा एक जवान आहे, वर्षानुवर्षे पट्टा अडकवून त्याचा एक खांदा खाली गेला आहे. मास्तरबाईंनी खडूने गळा काढला, पाठ काढली आणि खांद्यापाशी हात थांबला.

"काका, त्याचा डावा खांदा खाली आहे की उजवा?"

"मला काय माहीत? तुम्ही मला कधी सांगितलं का?"

मास्तरबाई खडू ठेवून खाली बसल्या. कापायच्या दिवशी त्या कधी बसत नाहीत. डब्याचे झाकण अर्धे उघडे होते, त्यातून मला त्यांचा चेहरा दिसत होता. बावीस वर्षे लोकांची वाकडी अंगे त्यांनी कुणाला कळू न देता सांभाळली होती, आणि आता त्या प्रत्येकाला पुन्हा बोलावून, उभे करून, वाकलेल्या पाठीवर पुन्हा टेप लावावा लागणार होता. त्यातले काहीजण तर आता घराबाहेरही पडत नव्हते.

त्यांनी भाचीला फोन केला. ती दोन रुग्णांच्या मधे बोलत होती, म्हणून भराभर बोलली.

"मावशी, रडू नकोस, काही गेलेलं नाहीये. फायली आत तशाच आहेत. फक्त संगणकाला उठवणारी जी सिस्टिम असते, ती बिघडलीय. आपण एका पेनड्राइव्हवर दुसरी छोटी सिस्टिम लिहू, संगणक त्याच्यावरून चालू करू आणि फायली बाहेर काढू. चारच्या आत होईल."

मित्रांनो, हे तुम्हालाही समजावून सांगतो. संगणक सकाळी उठतो तेव्हा त्याला स्वतःचे नावही आठवत नसते. हा तुझा पडदा, ही तुझी कळफलकाची बटणे, हे तुझे कपाट, असे कुणीतरी सांगावे लागते. ते सांगणारी ती प्रणाली. ती आजारी पडली की कपाट भरलेले असूनही उघडत नाही.

"म्हणजे कपाट शाबूत आहे, किल्लीवालाच आजारी पडलाय, असं म्हण की," फोनच्या स्पीकरवरून ऐकून काका म्हणाले. भाची म्हणाली, "काका, तुम्हाला सगळ्यात लवकर कळलं." काका उगाच खाकरले.

"पेनड्राइव्ह कुठून आणू आता?" मास्तरबाईंनी विचारले.

"तो रिळासारखा होता ना आपल्याकडे?"

डबा टेबलावर उपडा झाला. शेकडो बटणे घरंगळत चारी दिशांना पळाली आणि मधोमध मी एकटा उरलो. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मलाच शोधत होते.

शेजारी चष्म्याचे दुकान आहे. तिथले चष्मेवाले शांत गृहस्थ, दुपारी गिऱ्हाईक नसते. ते आपला लॅपटॉप घेऊन आले आणि कापायच्या टेबलापाशी बसले. त्यांनी मला जोडले, आत काय आहे ते पाहिले आणि गाण्यांची यादी उघडली.

"अहो, ही माझी गाणी," काका स्टुलावरून उठलेच. "मला वाटलं, पोरीने पुसून टाकली. सहा वर्षं तिच्यावर दात धरून होतो मी."

"तरीच तुम्ही माझ्या लग्नात नीट बोलला नाहीत," फोनमधून भाचीचा आवाज आला.  चष्मेवाल्यांनी मुकाट्याने एक्केचाळीस गाणी आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली.

भाचीने सांगितलेली छोटी प्रणाली त्यांनी इंटरनेटवरून आणली. ती सगळी मिळून एकच मोठी फाईल होती. "ती फाईल नुसती पेनड्राइव्हवर टाकू नका," भाचीने बजावले, "तशी टाकली तर ती नुसती पडून राहील. ती लिहायचा एक प्रोग्राम असतो, त्यानेच लिहा. तो पेनड्राइव्ह पूर्ण पुसेल, घाबरू नका. यादीत त्या रिळाचंच नाव निवडलंय ना, ते दोनदा बघा." मग तिचा पुढचा रुग्ण आला आणि फोन बंद झाला.

घाबरू नका असे ती त्यांना म्हणाली, मला नाही. खरे सांगतो, मला भीती वाटली. एका क्षणात मी कोरा झालो, माझे नावसुद्धा गेले. आणि मग लिहायला सुरुवात झाली. आजवर माझ्यात फोटो, गाणी जिथे जागा मिळेल तिथे ठेवली जात. ह्या वेळी अगदी पहिल्या कप्प्यापासून, एकही न वगळता, ओळीने लिहिले जात होते. मला पहिल्यांदाच आपण नुसते गाठोडे नसून कुणीतरी आहोत असे वाटू लागले. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. दहा टक्के, तीस टक्के, बावन्न टक्के.

बावन्न टक्क्यांना मास्तरबाईंनी मला खसकन उपसले.

त्यांची चूक म्हणावी तर म्हणवत नाही. शिवणकामातली रीतच तशी आहे. कोट अर्धा झाला, बाह्या कच्च्या टाक्याने टाचल्या की गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून पाहायचा. कुठे ओढतो, कुठे झोळ पडतो ते तिथेच कळते. पूर्ण शिवून मग घालून पाहणारा मास्तर नवशिका. मास्तरबाईंनी पट्टी अर्धी झालेली पाहिली आणि बावीस वर्षांची सवय हातात उतरली. त्यांनी मला नेऊन बंद संगणकात खोचले आणि भाचीने सांगितलेले बटण दाबत तो चालू केला.

मी जीव तोडून प्रयत्न केला. पडद्यावर चार ओळी उमटल्या, पाचवी अर्धी उमटली आणि माझ्याकडे सांगण्यासारखे काही उरलेच नाही. मला परत लॅपटॉपला जोडले तर तिथे पाटी आली, की हा पेनड्राइव्ह वाचता येत नाही.

"गेला," काका म्हणाले. "चांगला होता हो."

मी जिवंत आहे हे ओरडून सांगावेसे वाटत होते, पण तोंड लॅपटॉपमध्ये होते. मास्तरबाईंनी भाचीला पुन्हा फोन लावला.

"अगं, बसलं नाही ते. मी अर्ध्यावर ट्रायल घेऊन बघितली."

"कसली ट्रायल?"

"अर्धं झाल्यावर लावून बघितलं. पुढे उसवायला नको म्हणून."

 मग भाची हसली, इतकी हसली की पलीकडे कुणीतरी तिला दटावले. "मावशी, मी एक्स-रे काढताना पेशंट मधेच उठून बसला तर काय होईल? तेच झालंय. पेनड्राइव्हला काही झालेलं नाही. पहिल्यापासून परत लिहा. शंभर होईपर्यंत, आणि प्रोग्राम 'पूर्ण झाले' म्हणेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

तोवर अडीच वाजले होते. ह्या वेळी काका स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेले अंगुस्तान तसेच होते. माझ्यावर हाताची ढाल धरून ते मास्तरबाईंकडे असे पाहत होते, की बावीस वर्षे दुकान चालवणारी मालकीण दोन पावले मागे सरली. सत्तर टक्के झाले, नव्वद झाले. नव्व्याण्णवला पट्टी इतका वेळ अडली, की मास्तरबाईंनी इस्त्री उगाच गरम करून उगाच थंड केली. मग पाटी आली, 'पूर्ण झाले.' माझा दिवा लुकलुकायचा थांबला. चष्मेवाल्यांनी लॅपटॉपला रीतसर सांगून मला हळूच बाहेर काढले.

आता बंद संगणक. चालू करताक्षणी भाचीने सांगितलेले वरच्या रांगेतले ते बटण दाबत राहायचे होते. मास्तरबाईंनी ते शिवणयंत्राच्या लयीत दाबले. पडद्यावर बारीक अक्षरांची यादी आली. चष्मेवाल्यांनी सवयीने काकांना विचारले, "खालची ओळ दिसते का?"

"दिसते. पण कळत नाही."

खालची ओळ म्हणजे मी होतो. चष्मेवाल्यांनी मला निवडले आणि मी बोलायला लागलो. हा तुझा पडदा. ही तुझी बटणे. हे तुझे कपाट. संगणक माझे ऐकत गेला, एकेक ओळ भराभर वर सरकत गेली आणि शेवटी राखाडी पडदा उजळला. त्यावर चार लहान चित्रे, बाकी काही नाही.

"एवढंच?" काका म्हणाले. पण आवाजात पूर्वीचा कडकपणा नव्हता.

एवढेच पुरेसे होते. त्या चारांपैकी एक चित्र कपाटाचे होते. ते उघडले, त्यात मास्तरबाईंचे कप्पे दिसले, आणि एका कप्प्यात नमुने. एकशे अठरा. मास्तरबाईंनी सगळ्यात आधी ड्रमवाल्याचा नमुना उघडला. कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात लिहिले होते, "डावा खांदा, एक इंच. शांत स्वभाव. विचारू नये." त्यांनी डोळे पुसले, खडू उचलला आणि टेबलाकडे गेल्या.

चष्मेवाल्यांनी तोवर बाजारातून मागवलेला नवा कोरा पेनड्राइव्ह शेजारी लावला आणि नमुने त्यावर उतरवायला घेतले. सगळे उतरल्यावर भाचीने फोनवरून सांगितले, "चार-पाच उघडून बघा, नीट उघडतात का." चष्मेवाल्यांच्या दुकानात तेवढ्यात कुणी आले, म्हणून ते गेले. काकांनी इकडेतिकडे पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा माउसवर हात ठेवला. यादीत मधेच कुठेतरी बोट दाबले.

उघडला तो शर्टाचा नमुना होता. वर लिहिले होते, 'काजेवाले काका.' आणि कोपऱ्यात टीप: "बोटे आखडतात. गळ्याचे बटण एक नंबर मोठे, काज सैल. काज-बटण मी स्वतः करणे, त्यांच्याकडे देऊ नये. विचारले तर नवी पद्धत आहे म्हणावे."

काकांनी ते वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले.

"बाई, माझ्याच शर्टाची काजे तुम्ही मला करू देत नव्हता. मला वाटायचं, माझं काम आता तुम्हाला पसंत नाही."

मास्तरबाईंची कात्री थांबली. "ते बंद करा हो, काका," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ते तुमच्यासाठी नव्हतं लिहिलं."

काकांनी ते बंद केले. दारावर टकटक झाली. संगणक दुरुस्त करणारा वेळेवर आला होता, हातात पिशवी, घाईत. "चला, पुसून टाकू," तो म्हणाला. काका उठले, दाराच्या चौकटीत आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "जरा थांबा. आधी अजून एक प्रत काढायचीय."

ती प्रत त्यांनी चष्मेवाल्यांना बोलावून त्यांच्या लॅपटॉपवर स्वतःसमोर काढून घेतली, शंभर टक्के होईपर्यंत जागचे हलले नाहीत. मग कुठे त्या माणसाला आत सोडले. कोट त्याच संध्याकाळी कापून झाले.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाच्या तरी अक्षरातले असे काही असेल. आईच्या वहीतले, आजोबांनी काढलेले, कुणी तुमच्यासाठी गुपचूप लिहून ठेवलेले. आम्ही पेनड्राइव्ह आणि संगणक कष्टाळू आहोत, पण आम्ही आजारी पडतो, आणि न सांगता पडतो. तेव्हा कुण्या रविवारची वाट पाहू नका. आज घरी गेलात की त्याची एक प्रत काढा आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवायला द्या.